ताश्कंदचं उपयोजित कला संग्रहालय: जाण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

उझबेकिस्तानला जाऊन आले, फोटो दाखवले आणि तेव्हापासून फोन सुरू झाले. ताईच्या भिशीतल्या बायका, ऑफिसातले जुने सहकारी, एक विणकामवेडी मैत्रीण, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. तेव्हा उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

हे संग्रहालय नेमकं कशाचं?

हाताने केलेल्या, घरात वापरायच्या वस्तूंचं. भरतकाम, रेशीम, मातीची भांडी, तांब्याच्या सुरया, लाकडी दारं, दागिने, टोप्या, सुऱ्या, गालिचे. राजांची चित्रं नाहीत, तलवारींचे ढीग नाहीत. उपयोजित कला हा शब्द रुक्ष वाटतो, पण अर्थ साधा आहे: जी वस्तू वापरायची, तीच देखणी करायची. तैमूरचा इतिहास बघायचा असेल तर त्याच शहरात त्याच्या नावाचं वेगळं संग्रहालय आहे, तिकडे जा.

इमारत कोणाची होती?

अलेक्झांडर पोलोव्त्सेव नावाच्या रशियन मुत्सद्द्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने हे घर घेतलं आणि ताश्कंद, समरकंद, बुखारा, फरगाना इथल्या कारागिरांकडून आतून सजवून घेतलं. खोल्यांची मांडणी युरोपीय, भिंती आणि छत मात्र अस्सल तिथलं. एवढी हौस करून तो तिथे राहायला आलाच नाही, असं सांगतात. पुढे काही काळ तो आपल्या मुंबईत रशियाचा वाणिज्यदूत होता, हे कळलं तेव्हा मला उगीचच तो ओळखीचा वाटायला लागला. क्रांतीनंतर घर सरकारजमा झालं आणि 1937 पासून तिथे हस्तकलांचं प्रदर्शन आहे.

आत शिरल्यावर सुरुवात कुठून करावी?

काचेच्या कपाटांकडे पाठ करा आणि मान वर करा. माझं स्पष्ट मत आहे की या संग्रहालयातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ते घर. मधला मोठा दिवाणखाना, तिकडच्या भाषेत मेहमोनखोना, तिथे निदान पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा. छताला तुळया आहेत आणि तुळयांच्या मधल्या जागेत अर्धगोल काठ्या एकीला एक लावून बसवल्या आहेत. त्यांना वस्सा म्हणतात. आपल्या वाड्यांतली तक्तपोशी आठवते, पण इथे प्रत्येक काठी रंगवलेली आहे, लाल, हिरवी, निळी, सोनेरी. भिंतीत रांगेने कोनाडे. पूर्वी घरोघरी अशा कोनाड्यांत चांगली भांडी, वाट्या, किटल्या मांडून ठेवत. म्हणजे पाहुण्यांना शोकेस दाखवायची हौस काही आपल्याच पिढीची नाही.

बहुतेक पर्यटकांचा गट दिवाणखाना तीन मिनिटांत ओलांडून कपाटांकडे पळतो. पळू द्या, तेवढीच शांतता मिळते.

भिंतीवरचं ते पांढरं, जाळीसारखं कोरीवकाम कशाचं?

त्याला गांच म्हणतात. जिप्समचा दगड भाजून, दळून, त्यात थोडी माती मिसळून केलेला गिलावा. तो भिंतीवर थापायचा आणि पुरता वाळायच्या आत सुरीने कोरायचा. नक्षी आधी कागदावर काढतात, रेघांवर टाचणीने भोकं पाडतात, कागद भिंतीला लावून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. आपल्याकडे जरीकामवाले खाका छापतात, तीच रीत.

नक्षीचे दोन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ. वेलबुट्टी असेल तर इस्लिमी, भूमितीच्या गाठी असतील तर गिरिह. एका पॅनलमध्ये दोन्ही एकत्र दिसतात आणि एक कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली हे शोधण्यात मजा आहे.

गांच आवडलं तर बुखाऱ्याच्या अमीराचा उन्हाळी महाल सितोराई मोहि खोसा चुकवू नका. तिथल्या पांढऱ्या दालनात आरशांवर गांचची जाळी बसवली आहे. ते काम उस्तो शिरीन मुरादोव यांचं. ताश्कंदच्या नवोई नाट्यगृहातल्या बुखारा दालनातही त्यांचाच हात फिरला आहे. ते नाट्यगृह 1947 मध्ये उघडलं आणि तिथली सहा दालनं देशाच्या सहा भागांच्या शैलीत सजवलेली आहेत.

सुझानी म्हणजे काय? गोधडीसारखी असते का?

गोधडी नव्हे. सुझानी म्हणजे भरतकाम केलेला मोठा पडदा किंवा पलंगपोस. फारसीत सोझन म्हणजे सुई, त्यावरून नाव. पण एका बाबतीत गोधडीशी नातं आहे: ही एकटीने करायची गोष्ट नव्हे.

मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी सुझान्या भरायला घेत. घरच्या मागावर विणलेलं सुती कापड अरुंद असे. म्हणून तीन-चार पट्टे आधी कच्च्या टाक्याने जोडायचे, गावातली चांगला हात असलेली बाई त्यावर पूर्ण नक्षी काढून द्यायची, मग टाके उसवून एकेक पट्टा आई, मावशी, आत्या, बहीण अशा वाटायच्या. प्रत्येकीने आपापल्या घरी भरायचं. शेवटी पट्टे परत जोडायचे. आता गंमत बघा. जुन्या सुझानीच्या शिवणीपाशी नीट पाहिलं तर फुलाचा अर्धा भाग किंचित खाली सरकलेला दिसतो, डाव्या पाकळीचा लाल उजव्या पाकळीच्या लालशी जुळत नाही. आत्याचा धागा वेगळ्या रंगाऱ्याकडचा. मला ती न जुळलेली शिवण नक्षीपेक्षा जास्त आवडते.

कोपऱ्यात कुठेतरी थोडं काम मुद्दाम अर्धवट सोडलेलं असतं. संसार संपू नये, घरात पुढच्या लग्नाची वेळ येत राहावी म्हणून, असं सांगतात.

गावागावाचा हात वेगळा. नुराताची सुझानी मोकळी, पांढऱ्या जमिनीवर मधे एक तारा आणि चार कोपऱ्यांत फुलांचे गुच्छ. ताश्कंदची एकदम उलट: प्रचंड मोठी लाल वर्तुळं, जमीन जवळजवळ दिसतच नाही. त्या वर्तुळांना ओय म्हणतात, म्हणजे चंद्र. लाल चंद्र का, हे विचारायला गेलात तर प्रत्येक बाई वेगळं उत्तर देईल. डाळिंब दिसलं तर लेकुरवाळेपणासाठी, मिरची आणि सुरी दिसली तर दृष्ट लागू नये म्हणून. लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तिथलं इकत आणि आपला पटोला, पैठणी यांत फरक काय?

पैठणी बाजूला ठेवा, ती इकत नव्हेच. पैठणीत मोर किंवा कमळ विणतानाच उमटतं, बाण्याचे म्हणजे आडवे रंगीत धागे हाताने अडकवून. इकतात धागे विणण्याआधीच रंगवलेले असतात. पटोल्यात ताणा, म्हणजे उभे धागे, आणि बाणा दोन्ही बांधून रंगवतात, उझबेक कापडात फक्त ताणा. म्हणून पटोल्याची आकृती काटेकोर आणि यांची कडेने विरघळल्यासारखी. पटोला विणणारे गुजरातेतल्या पाटणचे साळवी विणकर आपले पूर्वज जालन्याहून गेल्याचं सांगतात, त्यामुळे या चर्चेत मराठी माणसाने थोडी कॉलर ताठ केली तरी चालेल.

या कामाला ते अब्रबंदी म्हणतात. अब्र म्हणजे ढग, आपलं अभ्रच. अभ्र बांधायचं काम! ताण्याचे रेशमी धागे चौकटीवर ताणून कोळशाने खुणा करायच्या, जिथे रंग नको तिथे घट्ट बांधायचं, बुडवायचं, सोडायचं, पुन्हा दुसरीकडे बांधायचं. पिवळ्यापासून सुरुवात, मग लाल, मग निळा. जुन्या बुखाऱ्यात प्रत्येक टप्प्याचे कारागीर वेगळे होते. निळीचं थंड रंगकाम तिथल्या ज्यू रंगाऱ्यांकडे असे आणि नीळ हिंदुस्थानातून जात असे. काचेआडच्या त्या निळ्या ढगात आपलीही थोडी माती आहे.

अतलस, अद्रस, बखमल, सगळं एकच का?

नाही, आणि दुकानात गेल्यावर हा फरक पैशांत कळतो. अतलस पूर्ण रेशमी, साटिनसारखं गुळगुळीत. अद्रसात ताणा रेशमी आणि बाणा सुती, त्यामुळे ते जरा भरीव, उन्हाळ्यात अंगाला बरं. अद्रसाला चमक यावी म्हणून जुन्या काळी अंड्याचा पांढरा बलक लावून लाकडी मोगरीने कुटत. बखमल म्हणजे आपली मखमल, तीही इकतात. करायला सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात महाग.

हे काम मुख्यतः फरगाना खोऱ्यातल्या मार्गिलानचं. तिथल्या हस्तकला केंद्राने अतलस-अद्रसाचं जुनं तंत्र पुन्हा शिकवायला घेतलं, त्याची युनेस्कोने 2017 मध्ये चांगल्या जतनाचा नमुना म्हणून नोंद केली.

मातीची भांडी सगळी निळीच दिसतात. कोणती कुठली, कसं ओळखावं?

निळी असतील तर रिश्तानची, पिवळी-तपकिरी-हिरवी असतील तर गिजदुवानची. एवढं म्हटलंत तरी दहापैकी आठ वेळा बरोबर येईल. रिश्तान फरगाना खोऱ्यात आहे. तिथली झिलई इश्कोर नावाची, रानातल्या झुडपांच्या राखेपासून केलेली. त्या राखेमुळेच तो पाण्याखालून पाहिल्यासारखा फिरोजी निळा येतो. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात कारखान्यांच्या रेट्यात हे तंत्र जवळपास विसरलं गेलं होतं, नंतरच्या कुंभारांनी परत उभं केलं.

मोठ्या थाळ्याला लागान म्हणतात. परातीएवढा असतो आणि त्यात पुलाव एकत्र वाढतात. वाडग्याला कोसा, चहाच्या बिनकानाच्या वाटीला पियोला. पियोला पाहुण्याला कधीच काठोकाठ भरून देत नाहीत. कमी ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतो. भरून दिला तर त्याचा अर्थ "आता निघा". आपल्याकडे याच्या नेमकं उलट, त्यामुळे माझ्या मेहुण्याला पहिल्या दिवशी यजमान कंजूष वाटले होते.

जरदोजी तिथलीही आहे का?

हो, बुखाऱ्याची. अमीराच्या दरबारासाठी सोन्याच्या तारेने भरलेले चोगे, घोड्यांच्या झुली. तेव्हा हे काम पुरुषांचं होतं, आता बहुतांशी बायका करतात. कपाटातला चोगा बघताना वजनाचा विचार करा. ते घालून माणूस चालत नसणार, मिरवत असणार.

दागिने आणि बाकीच्या वस्तू?

दागिने मुख्यतः चांदीचे, फिरोजा आणि पोवळं बसवलेले. तुमोर नावाची नळकांडीसारखी पेटी दिसेल, आत मंत्र लिहिलेला कागद ठेवायची. आपला ताईत. कपाळावर बांधायचं तिल्लाकोश भुवयांच्या आकाराचं असतं.

टोपीला दोप्पी म्हणतात. चुस्त गावची काळी, तिच्या चार बाजूंना पांढरी नक्षी. ती नक्षी पाहून आपण लगेच कोयरी म्हणतो, ते बोदोम म्हणतात, म्हणजे बदाम. एकाला कैरी दिसली, दुसऱ्याला बदाम. चुस्तच्या सुऱ्याही प्रसिद्ध आहेत, पात्याचं टोक जरा वर वळलेलं.

गालिच्यांत जुलखिर्स शोधा. लांब लोकरीचा, रांगडा, नावाचा अर्थच अस्वलाचं कातडं. नाजूक कामाने डोळे थकलेले असतात तेव्हा तो बघून बरं वाटतं.

भाषेची अडचण येते का?

उझबेक किंवा रशियन येत नसेल तर फलकांवर फार विसंबू नका. पण एक युक्ती सांगते. फारसीतून आपल्याकडे आलेले शब्द तिकडेही आहेत, फक्त आपला "आ" तिथे बहुतेकदा "ओ" होतो. बाजारचा बोझोर, अनारचा अनोर, किताबचा कितोब, उस्तादचा उस्तो, शागीर्दचा शोगिर्द. बुखाऱ्यातल्या जुन्या छत्रीबाजारांची नावं घ्या: तोकी सर्राफोन म्हणजे सराफांचा, तोकी झरगारोन म्हणजे सोनारांचा. ही युक्ती कळल्यावर माझी ताई दुकानदारांशी मराठीतच बोलायला लागली आणि निम्मं काम झालंही.

कसं पोहोचायचं?

संग्रहालय राकातबोशी रस्त्यावर आहे, शहराच्या मध्यभागी. जवळचं मेट्रो स्टेशन कोस्मोनाव्तलार, तिथून चालत. हे स्टेशन 1984 चं आहे आणि स्वतःच बघण्यासारखं: भिंतीवर अंतराळवीरांची चित्रं, त्यांच्यात खगोलवेत्ता सुलतान उलुगबेगही. ताश्कंद मेट्रोत फोटो काढायला पूर्वी बंदी होती, 2018 मध्ये ती उठली. टॅक्सी हवी असेल तर यांडेक्सचं ॲप फोनमध्ये घ्या, घासाघीस वाचते.

किती वेळ लागतो आणि कोणत्या महिन्यात जावं?

दीड ते दोन तास. भरतकाम किंवा विणकाम करणारी व्यक्ती सोबत असेल तर तीन धरा आणि वाद घालू नका. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जूनच्या अखेरीपासून पुढचे चाळीस दिवस तिकडे चिल्ला म्हणतात, पारा चाळिशी ओलांडतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे.

मुलं कंटाळतील का?

कपाटांना कंटाळतील. त्यांना बुखाऱ्याजवळच्या उबा गावची मातीची खेळणी शोधायला सांगा. रंगीबेरंगी घोडे, मेंढे, चित्रविचित्र प्राणी, आणि त्यांतल्या बऱ्याच शिट्ट्या आहेत. हमरो रहिमोवा या बाईंनी ती कला टिकवली. नाही तर "मिरच्या मोजा" हा खेळ द्या, सुझानीच्या दालनात अर्धा तास निघतो.

फोटो काढू देतात का?

तिकीट घेतानाच विचारा, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे लागू शकतात. फ्लॅश कुठेही वापरू नका. जुन्या रेशमाचा रंग उजेडाने जातो.

संग्रहालयाच्या आवारातल्या दुकानांतून खरेदी करावी का?

बघायला जरूर जा, वस्तू चांगल्या असतात, भाव पर्यटकांचे. मी आधी अबुलकासिम मदरशात जाईन. जुन्या खोल्यांमधून कारागीर बसलेले असतात, काम चालू असताना बघता येतं आणि करणाऱ्याच्याच हातून घेता येतं. रोजच्या वापराचे पियोले हवे असतील तर चोरसू बाजार.

अस्सल-नक्कल कसं ओळखायचं?

सुझानी उलटी करा. हाताचं काम असेल तर मागे गाठी, धाग्यांच्या उड्या, थोडा गोंधळ दिसतो. मशीनची मागची बाजू संशय यावा इतकी शहाणी असते. इकतात रंग कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखा उतरलेला हवा, छापील असेल तर मागून फिका. एक धागा काढून जाळून बघा, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, प्लॅस्टिकचा गोळा झाला तर नमस्कार करून बाहेर या. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असतो, बराचसा हातभरच. तेव्हा ड्रेससाठी किती मीटर लागेल ते शिंप्याला इथूनच विचारून जा.

"शंभर वर्षं जुनी" या शब्दांपासून सावध. एका दुकानात मी अशी एक सुझानी घेतली. घरी आणून पाण्यात बुडवली तर पाणी तपकिरी झालं आणि घरभर चहाचा वास. म्हातारपण चहाचं होतं!

आणि खरोखरच जुनी वस्तू मिळाली तर?

तर आणता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत आणि विमानतळावर बॅगा बघतात. नवीन वस्तूची पावती जवळ ठेवा, विशेषतः ती जुनी दिसत असेल तर. लागान हातातल्या पिशवीत आणा, साडीत गुंडाळून. सुरी मात्र चेक-इन बॅगेतच.

रोख किती न्यावी?

कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, बाजारात रोख लागते. तिथला सोम लहान आहे, नोटांचा गठ्ठा मोठा. पहिल्या दिवशी लखपती झाल्यासारखं वाटतं, तिसऱ्या दिवशी शून्यं मोजायची सवय होते.

शाकाहारी माणसाचं काय?

नॉन खा. घाबरू नका, नॉन म्हणजे तिथली तंदुरी रोटी. सोबत टोमॅटो-कांद्याचं अचिचुक आणि मिळाला तर भोपळ्याचा सोमसा, पण सोमशात चरबी नाही ना ते विचारून घ्या. पुलावातून मांस बाजूला काढून देतो म्हणाले तर तो शाकाहारी झाला असं समजायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लालबहादूर शास्त्रींचं स्मारक तिथेच आहे ना?

संग्रहालयात नाही, पण शहरात शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा अर्धपुतळाही. ताश्कंद करार 10 जानेवारी 1966 चा, शास्त्रीजी गेले ते 11 तारखेला, त्याच शहरात. एका दिवसात दोन्ही ठिकाणं आरामात होतात.

ताश्कंदचं हे संग्रहालय पाहिलं, तर पुढे कुठे?

हातात दोन दिवस असतील तर अफ्रोसियोब रेल्वेने समरकंद, सुमारे दोन तास. चार दिवस असतील तर बुखारा जोडा. कापडासाठीच चालला असाल तर मात्र समरकंदचा मोह आवरून फरगाना खोरं करा: मार्गिलानला माग, रिश्तानला चाक. दूर पश्चिमेला नुकुसचं साविट्स्की संग्रहालय आहे, 1966 मध्ये सुरू झालेलं. काराकल्पाक लोकांचे दागिने, तंबूंचे विणलेले पट्टे आणि सोव्हिएत काळात दडपलेली चित्रं, सगळं एका छताखाली. लांब आहे, पण वेळ असेल तर जा.

साडी नेसून गेलं तर चालेल का?

चालेल, फक्त वेळ जास्त धरा. मी काठपदराची नेसून गेले तर तिकीट देणाऱ्या बाई खिडकीतून बाहेर आल्या, "हिंदिस्तोन?" म्हणाल्या, राज कपूरचं नाव घेतलं आणि पदराचा काठ दोन बोटांत धरून उलटा करून बघितला. मागच्या बाजूचे धागे तपासले. मग मान डोलावली.